थांबलेल्या वेळेचं चित्र

कुर्डूवाडीहून लातूरकडे निघालेली गाडी येडशीच्या आसपास एखाद्या स्टेशनात उगाच उभी राहिली, की डब्यातलं कुणीतरी बाहेर न डोकावताच सांगतं, "क्रॉसिंग असेल." एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर दोघींपैकी एकीला थांबावंच लागतं. कुणी, कुठे आणि किती वेळ थांबायचं हे कंट्रोल ऑफिसातल्या एका आलेखावर ठरतं. त्यात आडवा मांडलेला असतो वेळ आणि उभी मांडलेली असतात स्टेशनं. प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. रेघ जितकी खडी तितका वेग जास्त, आणि रेघ आडवी झाली की गाडी उभी. दोन उलट्या दिशांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे स्टेशन असायलाच हवं. आता हा आलेख संगणक काढतो. त्याआधी कंट्रोलर मंडळी तो पट्टी-पेन्सिलीने ओढत असत.

हा आलेख जगभर माहीत झाला तो एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञामुळे. 1878 साली निघालेल्या 'ला मेतोद ग्राफिक' या आपल्या ग्रंथात त्यांनी पॅरिस-ल्यों मार्गाच्या आलेखाची पद्धत समजावली आणि श्रेय इब्री नावाच्या अभियंत्याला दिलं. शरीरशास्त्रज्ञाचा रेल्वेशी काय संबंध, असं वाटेल. पण मारे आयुष्यभर एकाच गोष्टीमागे होते: डोळ्यांदेखत निसटून जाणारी हालचाल कागदावर रेघेच्या रूपात पकडायची. मनगटाच्या नाडीची रेघ कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी आधीच सुधारून घेतलं होतं. नाडी काय आणि रेल्वे काय, त्यांच्या लेखी दोन्ही काळाच्या अक्षावर मांडायच्या वस्तू होत्या.

धाराशिव जिल्ह्यात रेल्वे आली ती बार्शी लाइटच्या रूपाने. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांवर 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डूवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू केली. पुढे रूळ निजामाच्या हद्दीत शिरले आणि तडवळ्यावरून 1911 साली लातूरला पोचले. (हेच कॅल्थ्रॉप नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायच्या नादी लागले. 'गार्डियन एंजल' हे त्या पॅराशूटचं नाव. छोट्या गाडीचा माणूस आकाशात कसा गेला, ती कथा वेगळी.) जिल्ह्याचं मुख्य ठिकाण मात्र त्या मार्गावर नव्हतंच. ब्रॉडगेज करताना, 2007-08च्या सुमारास, मार्ग वळवला गेला तेव्हा कुठे शहराच्या वाट्याला स्टेशन आलं.

रेल्वेचा एवढा पाल्हाळ लावला तो संगणकाच्या पडद्यावरल्या एका चित्रासाठी. प्रोग्रॅम चालू असताना कोणतं फंक्शन कधी सुरू झालं, त्याने पुढे कुणाला कॉल केला, ते कधी संपलं, हे सगळं आडव्या पट्ट्यांनी मांडणारं हे चित्र. डावीकडून उजवीकडे वेळ. वरच्या पट्टीने जे फंक्शन बोलावलं त्याची पट्टी तिच्या खाली, त्याने बोलावलेल्याची आणखी खाली. याला ट्रेस म्हणतात. मारेच्या आलेखातून ट्रेस थेट जन्मला असा माझा दावा नाही. पण दोघांचं घराणं एक आहे आणि दोघांचा खरा उपयोगही एकच: काम कुठे चाललं होतं यापेक्षा ते कुठे थांबलं होतं हे दाखवणं.

एक उदाहरण घेऊ, निव्वळ कल्पनेतलं. कळंब तालुक्यात सोयाबीन खरेदी करणारी एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तिची छोटी वेबसाइट जँगो या पायथन फ्रेमवर्कवर उभी आहे. दिवसा कर्मचारी तिच्यात वजनाच्या पावत्या भरतात. रात्री दोन वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम, एक कमांड चालवतो. ती पाच हजार शेतकऱ्यांची यादी घेते, एकेकाची शेवटची पावती काढते, तालुका बघते, येणं किती ते ठरवते, पावतीवर 'हिशेब झाला' अशी खूण करते आणि मोबाइलवर संदेश पाठवते. पूर्वी, यादी छोटी असताना, पाच-दहा मिनिटांत आटपणारी ही कमांड आता अर्ध्या तासाच्या वर जाते. कुणी तक्रार करत नाही, कारण रात्री दोनला जागं कोण असतं? असल्या कामाची सगळी अडचण इथेच आहे. वेबसाइटचं पान उघडायला चार सेकंद लागले तरी फोन येतो. रात्रीच्या कमांडला अर्धा तास लागला काय आणि पाऊण तास लागला काय, सकाळी काम झालेलं दिसतं आणि विषय तिथेच संपतो.

प्रोग्रॅमचा वेळ जातो कुठे, हा प्रश्न जुना आहे. सगळ्यात जुनं उत्तरही अजून मेलेलं नाही: मधेमधे प्रिंट टाका आणि टर्मिनलकडे बघत बसा. 1979 सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बोर्न शेल आला. त्याला एक खूण दिली की चालवलेली प्रत्येक आज्ञा तो आधी पडद्यावर छापायचा. रूबीच्या जगात जिम वाइरिक यांनी बनवलेल्या रेक या साधनाला 'ट्रेस' असा पर्याय दिला की कोणतं काम बोलावलं गेलं आणि कोणतं प्रत्यक्षात चाललं, ते ओळीने दिसतं. यातून क्रम कळतो. कुणी किती वेळ खाल्ला ते कळत नाही.

वेळेचा हिशेब मांडला तो 1982 साली बर्कलीत. सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल मक्यूझिक यांनी जीप्रॉफ हे साधन लोकांसमोर ठेवलं. कोणतं फंक्शन किती वेळा चाललं, त्यात किती वेळ गेला आणि त्याला बोलावणाऱ्यांपैकी कुणाच्या खात्यावर तो किती टाकायचा, याचा तक्ता ते देई. ही मोठी झेप होती. पायथनमध्ये 2006 साली 2.5 आवृत्तीबरोबर आलेला सीप्रोफाइल याच वळणाचा आहे: कॉल किती, एकूण वेळ किती, दर कॉलला किती.

तक्त्याची फसवणूक समजून घ्यायला आपल्या कमांडकडे परत जाऊ. समजा तक्ता सांगतो की पावतीवर खूण करणारी क्वेरी पाच हजार वेळा चालली, तिला एकूण पाचशे सेकंद लागले, म्हणजे दर वेळी सेकंदाचा दहावा भाग. हे वाचून कोणताही शहाणा माणूस म्हणेल, क्वेरी मंद आहे, इंडेक्स घाला. इंडेक्स घातला. फरक शून्य. आता तीच धाव ट्रेसमध्ये बघा. 4,999 क्वेऱ्या केसाएवढ्या बारीक दिसतात, प्रत्येकी चारेक मिलिसेकंदांच्या. आणि मधोमध एकच पट्टी आहे, आठ मिनिटं लांब. तिच्याखाली काही नाही. तेवढा वेळ ही कमांड उभी होती. त्याच वेळी चालणारी दुसरी एक कमांड सोयाबीनचे दर बदलत होती. सगळ्या पावत्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये धरून ती बसली होती. तिने रस्ता सोडला तेव्हा आपली कमांड पुढे सरकली. डेटाबेसची मंडळी याला रो लॉक म्हणतात. येडशीच्या प्रवाशाला विचाराल तर तो क्रॉसिंग म्हणेल. एक सरासरी काढली आणि आठ मिनिटांचा थांबा पाच हजार ठिकाणी सारखा वाटला गेला. तक्ता खोटं बोलला नाही, पण त्याने वेळेतला 'केव्हा' पुसून टाकला.

हा 'केव्हा' टिकवायची धडपड आधी मोठ्या संगणकांवर झाली. हजारो प्रोसेसर एका गणितावर लावले की कुणीतरी कुणाची तरी वाट बघत बसतंच, आणि महासंगणकाचा रिकामा वेळ फार महाग असतो. इथे दोन नावं मराठी कानाला ओळखीची वाटतील. इलिनॉय विद्यापीठातले लक्ष्मीकांत काळे, चार्म प्लस प्लस या समांतर प्रोग्रॅमिंग प्रणालीचे जनक. त्यांनी आणि अमिताभ सिन्हा यांनी 1993च्या सुमारास प्रोजेक्शन्स या साधनाची मांडणी केली. त्यात प्रत्येक प्रोसेसरला काळाच्या अक्षावर आपापली आडवी पट्टी मिळते. कामाचे तुकडे रंगीत, रिकामा वेळ वेगळा. रेणूंच्या हालचालींचं गणित करणारा एनएएमडी हा प्रोग्रॅम याच घरातला. त्या कामासाठी काळे यांना क्लाउस शुल्टेन यांच्याबरोबर 2012चा सिडनी फर्नबाख पुरस्कार मिळाला. दुसरे समीर शेंडे. मुंबईच्या आयआयटीतून ओरेगन विद्यापीठात गेले आणि अॅलन मलोनी यांच्याबरोबर टाऊ या साधनसंचावर काम करत राहिले. महासंगणकांवरच्या प्रोग्रॅमचं मोजमाप आणि ट्रेसिंग करणाऱ्यांच्या हातात टाऊ आजही असतो.

वेबवाल्यांपर्यंत हे चित्र पोचलं ते मात्र वेगळ्याच वाटेने, आणि त्या वाटेवर ते एकदा हरवलंही. 2011 साली जॉयंट कंपनीत ब्रेंडन ग्रेग एका मंदावलेल्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या मागे लागले होते. प्रोसेसर कशात गुंतलाय याचे नमुने त्यांनी गोळा केले तर जवळजवळ सहा लाख ओळी निघाल्या. त्या वाचायच्या कुणी? मग त्यांनी पर्लमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्या सगळ्या ओळी एका चित्रात बसवल्या. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचं ते चित्र पेटलेल्या ज्वाळांसारखं दिसतं, म्हणून फ्लेम ग्राफ. त्याच्या मांडणीची प्रेरणा कुठून आली हे ग्रेग यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे: नीळकंठ नाडगीर यांनी रूबीत लिहिलेला एक प्रोग्रॅम. नाडगीरांच्या मागे रॉश बूर्बोने यांचं साधन, त्यांच्या जोडीला यान बूरहाउट यांचं व्हीएफट्रेस. सीमाभागातल्या वाचकाला नाडगीर हे आडनाव सांगायला नको. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी ग्रेग यांचं नाव पाठ केलं, नाडगीरांचं क्वचितच कुणी घेतं. कुळकथा लिहायची तर हे नाव गाळून कसं चालेल!

गंमत पुढेच आहे. नाडगीरांच्या चित्रात आडवा अक्ष वेळेचा होता. ग्रेग यांनी तो काढून टाकला. सारख्या पट्ट्या एकत्र करता याव्यात म्हणून त्यांनी फंक्शनं वर्णानुक्रमे लावली. सहा लाख ओळी एका पडद्यावर मावायच्या तर हे करावंच लागलं, आणि प्रोसेसर कशात जळतोय हे शोधायला तेच योग्य होतं. पण त्या चित्रातही आपलं आठ मिनिटांचं उभं राहणं दिसणार नाही. प्रोसेसरचे नमुने घेताना झोपलेला प्रोग्रॅम नमुन्यात येतच नाही. (पुढे ग्रेग यांनीच प्रोसेसरबाहेर गेलेल्या वेळेचे वेगळे फ्लेम ग्राफ काढले.) क्रोम ब्राउझरच्या साधनांनी ज्वाळा ठेवल्या आणि वेळेचा अक्ष परत आणला. त्याला फ्लेम चार्ट म्हणू लागले. ग्राफ आणि चार्ट या दोन नावांची आजही सर्रास गल्लत होते, आणि ती करणारा माणूस तासभर चुकीच्या चित्राकडे बघत बसतो.

क्रोमने आणखी एक उपकार केला. आपल्या आतल्या घडामोडी नोंदवायला त्याने जेसन फाइलचा एक साधा साचा ठरवला: घटनेचं नाव, ती सुरू झाली तो मायक्रोसेकंद, ती किती चालली, कोणत्या प्रोसेसमध्ये, कोणत्या थ्रेडमध्ये. कुणीही या साच्यात फाइल लिहावी आणि तयार चित्र बघावं. 2020 साली टिएन गाओ यांनी पायथनसाठी व्हिझट्रेसर आणला तो याच साच्यावर. आता त्याचं चित्र गूगलच्या परफेट्टो या पडद्यावर उघडतं. जँगोच्या मॅनेज डॉट पीवाय या फाइलीतून चालणारी आपली कमांड लिहायची, तिच्याआधी व्हिझट्रेसरचं नाव जोडायचं, झालं. कोडमध्ये एका अक्षराचा बदल नाही.

मग फ्रेमवर्कवाल्यांनी हे आधीच का पुरवलं नाही? याचं उत्तर जँगोच्या जन्मात आहे. जँगो कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या कचेरीत घडला आणि 2005 साली जगासमोर आला. बातम्यांची पानं झटपट वाचकापुढे ठेवणं हे त्याचं काम. त्याची सगळी घडण रिक्वेस्टभोवती आहे: कुणीतरी पान मागतं, ते द्यायचं, विसरायचं. क्वेऱ्या आणि वेळ दाखवणारा जँगोचा डिबग टूलबार पानाच्या कडेला चिकटतो. कमांडला पानच नाही, तो चिकटणार कशाला? प्रत्येक रिक्वेस्टच्या सुरुवातीला जँगो आधीच्या क्वेऱ्यांची नोंद पुसतो आणि शिळ्या झालेल्या डेटाबेस जोडण्या बंद करतो. कमांडमध्ये रिक्वेस्टच येत नाही, म्हणून यातलं काहीच आपोआप होत नाही. डिबग चालू ठेवून कमांड चालवली तर क्वेऱ्यांची नोंद साठत राहते, तीही शेवटच्या 9,000पर्यंतच. आपल्या कमांडच्या पंधरा हजारांवर क्वेऱ्या झाल्या तरी नोंद मोजणाऱ्याच्या हाती 9,000 हाच आकडा लागतो, आणि तो इतका गोल असतो की शंका यायला हवी.

सर्व्हरांच्या ताफ्यातून एका रिक्वेस्टचा माग काढायची पद्धत गूगलने 2010 साली डॅपर या शोधनिबंधात सांगितली. तिचा आजचा वारस ओपनटेलिमेट्री, 2019 साली दोन प्रकल्प एकत्र होऊन झालेला. जँगोत तो बसतो मिडलवेअर म्हणून, म्हणजे पुन्हा रिक्वेस्टच्या वाटेवरच. कमांड चालवली तर तिच्या क्वेऱ्या नोंदल्या जातात, पण त्यांना पालक नसतो. पंधरा हजार क्वेऱ्या म्हणजे पंधरा हजार सुट्या ट्रेस. कमांडच्या सुरुवातीला आपल्या हाताने एक मूळ पट्टी उघडावी लागते, तेव्हा कुठे सगळ्या तिच्याखाली गोळा होतात.

खरं तर ट्रेस करायला कमांडइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. सर्व्हर महिनोन्‌महिने चालतो, त्याचा कोणता तुकडा बघायचा हे ठरवावं लागतं. कमांड जन्मते, काम करते, मरते. तिचं अख्खं आयुष्य एका फाइलीत मावतं. अर्थात मावतं म्हणजे मावायला लावावं लागतं. व्हिझट्रेसर न सांगता शेवटच्या दहा लाख नोंदी ठेवतो, आधीच्या पुसत जातो. जँगोची एक साधी क्वेरीसुद्धा आतल्या आत फंक्शनांची केवढी साखळी फिरवून येते, त्यामुळे पाच हजार शेतकऱ्यांच्या धावेत पहिला बराच भाग हातून जातो. सोपा उपाय म्हणून लोक पन्नास शेतकऱ्यांवर चालवून बघतात. त्यात यादीतल्या प्रत्येकासाठी वेगळी क्वेरी हा रोग लगेच दिसतो, कारण एकाच आकाराच्या पट्ट्यांची रांग पन्नास वेळा येते. तालुके जिल्ह्यात आठच आहेत, ते पाच हजार वेळा कशाला विचारायचे? शेतकऱ्यांबरोबरच एका जोडणीत, म्हणजे जॉइनमध्ये, ते आणता येतात. पण रो लॉकची गाठ पन्नासांच्या धावेत पडतच नाही. ती कमांड पंधरा-वीस सेकंदांत आटपते आणि दर बदलणारी दुसरी कमांड तोवर सुरूही झालेली नसते. त्यासाठी पूर्ण धावच हवी, आणि नोंदी आवरायला ठरावीक वेळेपेक्षा छोटी फंक्शनं वगळायची किंवा आपण खूण केलेली तेवढीच नोंदवायची.

आणखी एक सावधगिरी: नोंद ठेवणं फुकट नसतं. प्रत्येक कॉलला हात लागतो, कमांड मंदावते आणि भरपूर छोटी फंक्शनं बोलावणारा भाग आहे त्यापेक्षा जाड दिसतो. डेटाबेसची वाट बघण्याचा वेळ मात्र तसाच राहतो. म्हणून ट्रेसमधल्या लांब रिकाम्या पट्टीवर भरवसा ठेवावा, दाट गर्दीवर थोडा कमी. कमांड आधीच सुरू झालेली असेल आणि ती अडकलीय असा संशय असेल, तर बेन फ्रेडरिकसन यांचं पाय-स्पाय बरं. प्रोसेसचा क्रमांक दिला की ते बाहेरून डोकावतं आणि या क्षणी प्रोग्रॅम कोणत्या ओळीवर उभा आहे ते सांगतं. कमांड थांबवावी लागत नाही.

आपल्या कमांडमधल्या पट्ट्या आता ओळीने लावू. तालुक्यांच्या क्वेऱ्या गेल्या. दर बदलणारी कमांड तासभर आधी सरकवली, आठ मिनिटांची पट्टी गेली. उरली सर्वांत मोठी: मोबाइल संदेश. दर संदेशाला सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडून उत्तर यायला समजा 300 मिलिसेकंद लागतात. पाच हजारांना पंचवीस मिनिटं. इथे इंडेक्स चालत नाही आणि जॉइनही चालत नाही. संदेश रांगेत टाकायचे आणि पाठवायचं काम वेगळ्या वर्करवर सोपवायचं, ही रूढ वाट. सेलरी या पायथनच्या साधनाने ती वर्षानुवर्षं चालवली, आणि 2025च्या डिसेंबरात आलेल्या जँगो 6.0ने अशा मागे चालणाऱ्या कामांसाठी स्वतःचा साचा दिला. तो साचा काम फक्त नोंदवतो, करणारा वर्कर आपणच आणायचा. हे केलं की कमांडचा ट्रेस एका मिनिटात संपतो आणि बघायला देखणा दिसतो. पंचवीस मिनिटं मात्र कुठे गेलेली नसतात. ती वर्करच्या प्रोसेसमध्ये असतात आणि कमांडचा ट्रेस तिथवर पोचत नाही. तो पोचवायचा तर रांगेत टाकलेल्या प्रत्येक संदेशासोबत मूळ पट्टीचा क्रमांक बांधून द्यावा लागतो, डॅपरने रिक्वेस्टसाठी सांगितला होता तसाच.